जॉन पोस्टेल : महाजालाच्या वहीचे विश्वस्त

दूरच्या सर्व्हरवर चढवलेली फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हा प्रश्न बीडच्या सेवा केंद्रात जितका खरा, तितकाच तो एकेकाळी वॉशिंग्टनमध्येही खरा ठरला होता. त्या प्रश्नाच्या सावलीत आयुष्य घालवलेल्या एका संगणकशास्त्रज्ञाचा हा जीवनपट.

बीड जिल्ह्यातील अकरा तालुक्यांपैकी कोठेही, मग ते गेवराई असो वा परळी, एखाद्या सेवा केंद्रातून किंवा शाळेच्या संगणकावरून एखादी फाइल दूरच्या सर्व्हरवर चढवली जाते, तेव्हा तिच्यासोबत एक अदृश्य प्रश्नही प्रवास करीत असतो. फाइल मुक्कामी पोहोचल्यावर ती वाचण्याचा अधिकार कोणाला, बदलण्याचा कोणाला आणि कोणाच्या दृष्टीसही ती पडता कामा नये? फाइल चढवणाऱ्याच्या मनात हा विचार बहुधा आलेलाही नसतो. तरीही उत्तर हे असतेच, कारण कोणीतरी ते आधीच ठरवून ठेवलेले असते. या आधीच ठरलेल्या उत्तराला संगणकाच्या परिभाषेत डिफॉल्ट परवानगी म्हणतात.

फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर कशी न्यावी, याचा जगमान्य नियम ऑक्टोबर १९८५ मध्ये एका साध्या टंकलिखित वळणाच्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. त्यावर दोन नावे होती. पहिले जॉन पोस्टेल यांचे आणि दुसरे त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांचे. पोस्टेल यांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. अखेरच्या वर्षांत वृत्तपत्रांनी त्यांना इंटरनेटचे सर्वाधिकारी ठरवले होते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे ना मोठे पद होते, ना मोठी संपत्ती. त्यांच्याकडे एक वही होती आणि त्या वहीत लिहिण्याचा अधिकार त्यांना लोकांच्या विश्वासाने मिळाला होता.

चार संगणक आणि एक दाढीवाला विद्यार्थी

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात ज्यांची नावे त्यांच्या नावासोबत घेतली जाऊ लागली, ते विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली.

त्या विद्यापीठात प्रा. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्थसाह्याने एक धाडसी प्रयोग सुरू होता. दूरदूरच्या संगणकांना एका जाळ्यात गुंफण्याचा तो प्रयत्न अर्पानेट या नावाने ओळखला जातो. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश पाठवण्यात आला. लॉगिन या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोलमडली. वर्षअखेरीपर्यंत मात्र चार ठिकाणचे संगणक जोडले गेले होते.

हे चार संगणक चार प्रकारचे होते. लॉस एंजेलिसला सिग्मा ७, स्टॅनफर्ड संस्थेत एसडीएस ९४०, सांता बार्बरा येथे आयबीएम ३६०/७५ आणि युटा विद्यापीठात पीडीपी-१०. प्रत्येकाची फाइल ठेवण्याची रीत निराळी, तिला नाव देण्याची पद्धत निराळी आणि ती कोणी उघडावी याचे नियमही निराळे. पुढे दीड दशकाने पोस्टेल यांनी फाइल पाठवण्याच्या नियमाला अंतिम रूप दिले, तेव्हा परवानग्यांबाबत तो जवळजवळ मूक का राहिला, याचे मूळ या भिन्नतेत आहे.

दाढी वाढवलेले, पायात सँडल घातलेले आणि सुट्टी मिळताच पाठीवर सामान घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकणारे पोस्टेल प्रथमदर्शनी शास्त्रज्ञ वाटत नसत. परंतु नोंदी ठेवण्याच्या बाबतीत ते विलक्षण काटेकोर होते.

क्रमांकांची वही

अर्पानेटवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपापसांत ठरलेल्या गोष्टी लिहून ठेवण्याची गरज भासू लागली. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी अशा टिपणांची मालिका सुरू केली. आपण वरिष्ठांच्या अधिकारावर अतिक्रमण करीत आहोत असे कोणाला वाटू नये, म्हणून टिपणांना अभिप्राय मागवणारी विनंती अशा अर्थाचे विनम्र नाव देण्यात आले. आरएफसी या आद्याक्षरांनी ही मालिका आज ओळखली जाते. तिच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि ती त्यांनी मृत्यूपर्यंत, सुमारे २८ वर्षे सांभाळली.

या मालिकेचे दोन कडक दंडक होते. टिपण कोणालाही विनामूल्य वाचता आले पाहिजे आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या टिपणात नंतर एक अक्षरही बदलायचे नाही. दुरुस्ती करायची असल्यास नव्या क्रमांकाचे नवे टिपण काढायचे आणि जुन्याची जागा नव्याने घेतली, एवढेच नमूद करायचे. जमिनीच्या फेरफाराशी परिचित असलेल्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. सातबाऱ्यावरील जुने नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करतात आणि नव्या फेरफार क्रमांकाने नवी नोंद घेतात. पूर्वी काय होते हे दिसत राहते, म्हणूनच आज जे आहे त्यावर विश्वास बसतो.

दुसरी वही क्रमांकांची होती. दोन संगणकांना एकमेकांशी बोलायचे तर कोणत्या कामासाठी कोणता क्रमांक वापरायचा, हे सर्वांना सारखेच ठाऊक हवे. मे १९७२ मध्ये ३४९ क्रमांकाच्या टिपणात पोस्टेल यांनी असे क्रमांक वाटून देणारा एकच अधिकारी असावा असे सुचवले आणि ते काम स्वतःच करण्याची तयारीही काहीशा गमतीच्या सुरात दाखवली. कोणी हरकत घेतली नाही. फाइल पाठवण्यासाठी २१, पत्र पाठवण्यासाठी २५, असे आजही वापरात असलेले क्रमांक या वहीत नोंदलेले आहेत. १९७७ मध्ये पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. वहीही त्यांच्यासोबत तेथे गेली. पुढे तिचे काम आयएएनए, म्हणजे इंटरनेटचे क्रमांक नेमून देणारे प्राधिकरण, या भारदस्त नावाने ओळखले जाऊ लागले. प्रत्यक्षात ते प्राधिकरण म्हणजे बराच काळ पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि मोजके सहकारी एवढेच होते.

फाइल पोहोचते, परवानगी कोठे ठरते?

फाइल पाठवण्याच्या नियमाचा पहिला मसुदा एका भारतीयाने लिहिला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कानपूरच्या आयआयटीतून पहिल्या तुकडीत पदवी घेतलेले अभय भूषण हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत असताना त्यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी ११४ क्रमांकाचे टिपण प्रसिद्ध केले. एफटीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाची ती सुरुवात होती. त्यात अनेकांनी भर घातली. जून १९८० मध्ये पोस्टेल यांनी त्याला नव्या इंटरनेटला साजेसे रूप दिले आणि १९८५ मध्ये रेनॉल्ड्स यांच्यासह ९५९ क्रमांकाच्या टिपणात ते पक्के केले.

या टिपणात फाइल सर्व्हरवर ठेवण्याची एक आज्ञा आहे. फाइल नसेल तर नवी तयार करावी आणि त्या नावाची आधीच असेल तर तिची जागा नव्या मजकुराने घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे सांगण्यासाठी तिच्यात जागाच नाही. फाइलींचे अनधिकृत अथवा अपघाती वापरापासून संरक्षण आवश्यक आहे, हे टिपण मान्य करते. मात्र ते संरक्षण कसे करायचे हा अधिकार ज्या सर्व्हरवर फाइल पोहोचते त्याचा आहे, असे सांगून ते थांबते. चार संगणकांच्या चार रीती पाहिलेल्या माणसाचा हा निर्णय होता. पाहुण्याने आपल्या घरचे नियम यजमानाच्या घरी लादू नयेत, असा काहीसा त्याचा आशय.

त्यामुळे फाइलची डिफॉल्ट परवानगी मुक्कामाच्या संगणकावर ठरते. त्यांपैकी बहुसंख्य संगणक पुढे युनिक्सच्या कुळातील झाले. बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झालेल्या या प्रणालीत फाइलच्या संदर्भात जगाचे तीन भाग पाडलेले असतात. फाइलचा मालक, त्याचा गट आणि उरलेले सर्व. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे तीन अधिकार देता किंवा नाकारता येतात. वाचण्याचे मोल ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ धरले जाते. सहा म्हणजे वाचणे आणि लिहिणे. चार म्हणजे केवळ वाचणे. शून्य म्हणजे काहीच नाही.

सातबारा आणि ६४४

हे गणित सातबाऱ्याच्या उदाहरणाने चटकन उलगडते. सातबारा कोणालाही पाहता येतो. त्यावर नोंद मात्र गावकऱ्यांच्या तोंडी आजही तलाठी असलेला महसूल कर्मचारीच घेतो. म्हणजे लिहिणाऱ्याला सहा, इतरांना चार. संगणकाच्या अंकांत ही परवानगी ६४४ अशी लिहितात. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. जमिनीचा मालक शेतकरी असला, तरी तिच्या नोंदीच्या फाइलचा मालक तो नाही. स्वतःच्याच जमिनीच्या उताऱ्यावर त्याला एक ओळही लिहिता येत नाही. मजकूर कोणाविषयी आहे आणि फाइल कोणाच्या खात्यातून चढली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकावर फाइलचा मालक तो, ज्याच्या खात्याने ती तेथे निर्माण केली.

नवी फाइल जन्मते तेव्हा प्रणाली सर्वसाधारणपणे ६६६ पासून सुरुवात करते आणि मग एक चाळणी लावते. युमास्क नावाची ही चाळणी १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून प्रचारात आली. चाळणी ०२२ असेल तर गट आणि इतर यांचा लिहिण्याचा अधिकार गळतो आणि ६४४ उरते. ती ०७७ असेल तर मालकाखेरीज सर्वांचे सर्व अधिकार गळून ६०० उरते. ०७७ लावलेल्या सर्व्हरवर एखाद्या संस्थेची छायाचित्रे चढवली, तर ती तेथे सुखरूप पोहोचतात. पण संकेतस्थळ चालवणारा कार्यक्रम वेगळ्या खात्यावर चालत असल्याने तोही परकाच ठरतो. पाहणाऱ्याला छायाचित्राऐवजी प्रवेश निषिद्ध असल्याचा संदेश दिसतो. फाइल आहे, जागेवर आहे आणि तरीही नाही.

अशा वेळी अनेक जण वैतागून ७७७ हा उपाय करतात, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार देऊन मोकळे होतात. पान दिसू लागते, परंतु आता त्याच सर्व्हरवरील कोणतेही अन्य खाते त्या फाइलमध्ये हवा तो बदल करू शकते. सातबाऱ्याची वही पारावर उघडी ठेवून तिच्याशेजारी पेन ठेवण्यासारखाच हा प्रकार. दोघा-तिघांनी मिळून एकाच फोल्डरवर काम करायचे असल्यास योग्य वाट वेगळी आहे. त्यांचा एक गट करावा, चाळणी ००२ ठेवावी आणि फोल्डरवर अशी खूण करावी की त्यात येणारी प्रत्येक फाइल त्या गटाचीच होईल. मग फाइल ६६४ होते. गटातील सर्व जण लिहू शकतात आणि बाहेरचे केवळ वाचू शकतात.

बीडसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील महसुली दप्तराचा मोठा भाग उर्दूत आहे आणि काही जुनी कागदपत्रे मोडीत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशा जुन्या नोंदींचे भाषांतर व डिजिटायझेशन करून त्या सर्वांना पाहता येतील अशा ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. एखाद्या कुटुंबाच्या जातीच्या दाखल्याचा आधार असलेले पान सर्व्हरवर जाते, तेव्हा ते सर्वांना वाचता येणे आणि कोणालाही परस्पर बदलता न येणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या ठरतात. वाचता आले नाही तर हक्क अडतो, बदलता आले तर नोंदीवरचा विश्वासच उडतो.

दानपेटीचा धडा

यजमानावर भरवसा टाकण्याच्या धोरणाची किंमत १९९० च्या दशकात दिसू लागली. त्या काळी अनेक विद्यापीठे आपल्या सर्व्हरवर अनामिक प्रवेशाची सोय ठेवत. खाते नसलेल्या कोणालाही फाइली उतरवून घेता येत आणि काही ठिकाणी चढवताही येत. जेथे एकच फोल्डर सर्वांना लिहिण्यास आणि वाचण्यास खुला होता, तेथे चोरट्या सॉफ्टवेअरची देवघेव सुरू झाली. एक जण आणून टाकी, दुसरा घेऊन जाई आणि यजमानाला आपली तबकडी का भरली याचा पत्ता नसे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या सुरक्षाविषयक केंद्राला या प्रकाराबाबत इशारे द्यावे लागले.

त्यावरचा तोडगा परळीच्या वैद्यनाथ मंदिरात जाणाऱ्या भाविकाला सहज समजेल. दानपेटीत टाकता येते, पण आत काय आहे हे पाहता येत नाही आणि टाकलेले काढताही येत नाही. पेटी उघडण्याचा अधिकार ठरलेल्या विश्वस्तांनाच असतो. अनामिकांकडून फाइली स्वीकारणाऱ्या फोल्डरलाही लिहिण्याची परवानगी द्यावी, आतील यादी वाचण्याची मात्र देऊ नये आणि आलेली फाइल तपासून मगच बाहेर ठेवावी, ही रीत रूढ झाली.

पोस्टेल यांच्या नावाने एक सूत्र प्रसिद्ध आहे. पाठवताना काटेकोर राहावे आणि स्वीकारताना उदार असावे, हा त्याचा मथितार्थ. १९८० च्या सुमारास त्यांनी ते महाजालाच्या मूलभूत नियमांत घातले. निरनिराळ्या हातांनी लिहिलेले निरनिराळे कार्यक्रम एकमेकांशी बोलू शकले, यात या औदार्याचा वाटा मोठा. परंतु ज्या जगात सर्व जण एकमेकांना नावाने ओळखत होते, त्या जगासाठी ते लिहिले गेले होते. अनोळखी आणि क्वचित दुष्ट हेतूची माणसे आल्यावर स्वीकारण्यातील उदारपणा हल्लेखोरांच्याही पथ्यावर पडू लागला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९४१३ क्रमांकाच्या आरएफसीने या सूत्राच्या मर्यादा तपशिलाने मांडल्या. पोस्टेल यांच्याच मालिकेत त्यांच्या सूत्राची चिकित्सा व्हावी, हे त्या मालिकेच्या स्वभावाला धरूनच झाले.

जुहूला मिळालेला अधिकार

१९८३ मध्ये पोस्टेल यांचे सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांनी संगणकांना क्रमांकाऐवजी नावाने ओळखण्याची रचना मांडली. कोणत्या देशाला कोणते नाव द्यायचे, हा नाजूक प्रश्न होता. देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवण्याच्या फंदात पोस्टेल पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी संकेतांची यादी त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली आणि प्रत्येक देशासाठी एक जबाबदार विश्वस्त नेमण्याची पद्धत पाडली. मार्च १९९४ च्या टिपणात त्यांनी हे तत्त्व स्पष्ट केले. नावाची मालकी विश्वस्ताकडे नसते. तो त्या देशातील आणि जगातील वापरकर्त्यांच्या वतीने ती सांभाळत असतो.

भारताच्या डॉट इन या नावाची नोंद मे १९८९ मध्ये झाली आणि तिची जबाबदारी मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आली. डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील ही संस्था शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याच्या उभारणीत अग्रभागी होती. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ पासून. डॉट इनची नोंदणीही दीर्घकाळ मर्यादितच होती. २००५ मध्ये व्यवस्था नव्या संस्थेकडे गेल्यावर ती सर्वांना खुली झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील डॉट भारत हे नावही वापरात आले. बीड जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळही डॉट इनच्याच छत्राखाली आहे. त्या साखळीची पहिली कडी पोस्टेल यांच्या वहीतील १९८९ ची नोंद आहे.

२८ जानेवारी १९९८

सर्व नावांच्या मुळाशी एक लहानशी फाइल असते. कोणत्या देशाचे आणि कोणत्या प्रकारचे नाव कोठे शोधावे, एवढेच तीत लिहिलेले असते. १९९० च्या दशकात जगात १३ मूळ सर्व्हर होते. त्यांपैकी एका मुख्य सर्व्हरवरील प्रत प्रमाण मानून उर्वरित १२ सर्व्हर तिची नक्कल घेत. मुख्य सर्व्हर नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे होता. अमेरिकी सरकारच्या करारानुसार ती नावांची नोंदणी करी आणि १९९५ पासून त्यासाठी शुल्कही घेऊ लागली होती. वहीत काय लिहायचे हे परंपरेने पोस्टेल सांगत, पण लेखणी कंपनीच्या हाती होती आणि सरकार दोघांच्या वर आपला हक्क सांगत होते. फाइल एक आणि मालक तीन, अशी ही स्थिती.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी बारापैकी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना पत्र पाठवले. त्यांनी यापुढे नक्कल कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता माहितीशास्त्र संस्थेतील सर्व्हरवरून घ्यावी, अशी ती विनंती होती. आठही जणांनी ती मानली. सरकारी संस्थांकडील सर्व्हर मात्र पूर्ववत राहिले. दोन्हीकडील मजकूर एकच असल्याने जगातील एकाही वापरकर्त्याला काही जाणवले नाही. परंतु महाजालाच्या मुळावर लिहिण्याचा अधिकार त्या दिवशी प्रत्यक्षात दोन ठिकाणी विभागला गेला होता.

वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी बदल तत्काळ मागे घेण्यास सांगितले. पोस्टेल यांनी ही केवळ चाचणी असल्याचे सांगितले आणि काही दिवसांत सर्व पूर्ववत झाले. ती खरोखर चाचणी होती, की अधिकार तुमच्या करारात नसून आमच्या परस्परविश्वासात आहे हे सरकारला दाखवण्याचा प्रयत्न होता, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. एवढे मात्र निर्विवाद की, ज्या आठ जणांनी विनंती मानली, त्यांच्यावर पोस्टेल यांची कोणतीही कायदेशीर सत्ता नव्हती. आणि अशा अलिखित विश्वासावर साऱ्या जगाचा व्यवहार किती काळ सोडायचा, हा सरकारचा प्रश्नही गैरलागू नव्हता.

विश्वस्तानंतर

त्या वर्षाचे उरलेले महिने पोस्टेल यांनी आपल्या वहीसाठी कायमची संस्था उभारण्यात घालवले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन या ना-नफा संस्थेची स्थापना झाली. हृदयाच्या झडपेचे दुखणे त्यांना पूर्वीपासून होते. लॉस एंजेलिस येथे शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्था जन्माला येऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. विंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख २४६८ क्रमांकाची आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि १९९९ मधील पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर दिला.

मूळ फाइलवरील अमेरिकी सरकारची देखरेख संपायला आणखी १८ वर्षे जावी लागली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती जबाबदारी जागतिक समुदायाकडे सोपवण्यात आली. त्याआधी २०१० पासून मूळ फाइलवर सांकेतिक स्वाक्षरी होऊ लागली होती. त्या स्वाक्षरीच्या किल्ल्यांचे काम निरनिराळ्या देशांतील निवडक प्रतिनिधींच्या साक्षीने, ठरलेल्या विधीने होते. एका माणसाच्या शब्दावर चालणारी व्यवस्था अशा रीतीने अनेकांच्या साक्षीवर आली.

एफटीपीचे दिवसही सरले. हा नियम परवलीचा शब्द उघड्या पत्रासारखा पाठवत असे. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी त्याचा आधार काढून घेतला. आता बहुतेक ठिकाणी फाइली कूटबद्ध मार्गाने जातात. प्रचलित एसएफटीपी पद्धतीत पाठवणाऱ्याला फाइलसोबत अपेक्षित परवानगीही कळवता येते. तरीही मुक्कामाच्या सर्व्हरची चाळणी तिला लागतेच. यजमानाचा अंतिम अधिकार हे १९८५ चे तत्त्व येथेही कायम आहे. बदल झाला आहे तो यजमानाच्या वृत्तीत. उबुंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याचे घर म्हणवणारा फोल्डर पूर्वी इतर सर्वांना वाचता येत असे. २०२१ मधील आवृत्तीपासून तो आपोआप बंद राहू लागला. अँड्रॉइड फोनमध्ये तर प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते, जेणेकरून एका ॲपच्या खासगी फाइली दुसऱ्याला उघडता येऊ नयेत. ऊसतोडीसाठी बीडहून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मजुराच्या खिशातील फोनमध्येही मालक, गट आणि इतर ही जुनी विभागणी शांतपणे काम करीत असते.

फाइल चढवणाऱ्याच्या हाती यातून एक साधी सवय उरते. फाइल पोहोचल्याची खूण पाहून उठण्यापूर्वी तिच्या परवानग्यांवर एकदा नजर टाकावी. सर्वांसाठी असलेले पान ६४४ असावे, खासगी कागद ६०० असावा आणि ७७७ दिसल्यास ते तेथे का आहे, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

पोस्टेल यांच्या नावावर दोनशेहून अधिक आरएफसी आहेत. त्यांतील ९५९ क्रमांकाचे टिपण आजही महाजालावर आहे. बीडच्या संगणकावरून असो वा बोस्टनच्या, ते कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्यातील एक अक्षरही बदलण्याची परवानगी मात्र कोणालाच नाही.